वॉरंटीचा हक्क बिलावर उभा राहतो

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत हजार-पंधराशे रुपयांचा ब्लूटूथ हेडफोन घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार पिशवी हातात देताना सांगतो, ‘वर्षभराची वॉरंटी आहे, काही झालं तर घेऊन या.’ सात-आठ महिन्यांनी एका कानातला आवाज जातो किंवा चार्जिंग होईनासे होते. गिऱ्हाईक दुकानात जाते, तेव्हा ‘हे कंपनीचं काम आहे’ असे उत्तर मिळते. कंपनीचा फोन लावला तर आधी बिल मागितले जाते, मग पुण्या-हैदराबादच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता येतो. दोन-तीन हेलपाटे झाले की हेडफोन कपाटात पडतो आणि घरात नवा येतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात आपले काही नुकसान झाले, असेही कोणाला वाटत नाही. नुकसान मात्र झालेले असते. वर्षभर वस्तू चालेल, न चालल्यास दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, ही हमी विक्रीच्या किमतीत धरलेली असते. म्हणजे वॉरंटीचे पैसे आपण पहिल्याच दिवशी मोजलेले असतात. ती मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की पैसे देऊन घेतलेला हा हक्क वेळेला सिद्ध करता येईल असे आपल्या हाती काय असते?

मराठवाड्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त बोचतो, त्याची कारणे सरळ आहेत. लातूरला अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हजारो मुले येऊन राहतात. एका खोलीत तिघे-चौघे असताना रेकॉर्ड केलेले तास ऐकायचे तर हेडफोन हे वहीइतकेच गरजेचे साधन आहे. ज्या घरातून महिन्याला मोजून पैसे येतात, तिथे पंधराशे रुपये दुसऱ्यांदा खर्च करणे सोपे नसते. दुसरे कारण अंतराचे. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, लातूरहून सव्वातीनशेच्या. बिघडलेला जोड दाखवायला तिकडे जायचे तर जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस मिळून हेडफोनच्या किमतीएवढे पैसे जातात. कंपनीची सोय मोठ्या शहरात आणि गिऱ्हाईक मुखेड-निलंग्यात, अशी स्थिती असली की कागदावरची वॉरंटी दूरच्या माणसापुरती आपोआप पातळ होते. तिसरे कारण आपल्या व्यवहाराच्या पद्धतीत आहे. इथली बाजारपेठ ओळखीवर चालते. दुकानदार गावातला, कधी नात्यातला, म्हणून बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे वाटते. ओळखीचा हा व्यवहार वाईट नाही; त्यानेच उधारी चालते आणि अडल्या-नडल्याला माल मिळतो. पण हेडफोन बनवणाऱ्या कंपनीशी आपली ओळख नसते. तिला फक्त कागद कळतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 नुसार, त्या प्रकारचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून वर्णनावर घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी गृहीत धरलेली असते. म्हणजे वॉरंटी कार्ड ही त्याच्यावरची भर आहे. कार्ड नाही म्हणून दोन दिवसांत बंद पडलेला हेडफोन गिऱ्हाइकाच्या नशिबी आला, असे होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 त्याहून पुढे जातो. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या या कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावर छापलेली ओळ सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्याला वाचवत नाही. उत्पादक लेखी वॉरंटी देतो आणि वस्तू तिच्याप्रमाणे नसते, तेव्हा त्यातून ग्राहकाला इजा किंवा हानी झाली तर आपण निष्काळजी नव्हतो एवढे सांगून त्याची सुटका होत नाही, असेही हा कायदा सांगतो. ऑनलाइन खरेदीसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

हक्क सांगताना वॉरंटीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहितीवर केलेला दावा पहिल्याच पायरीवर फेटाळला जातो. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी बनावटीतल्या दोषासाठी असते. पडून फुटलेले, पाणी शिरलेले, बाहेर उघडून दुरुस्त केलेले किंवा वापराने झिजलेले तिच्यात येत नाही. इअरबड्सच्या डबीवर आयपीएक्स 4 लिहिलेले असते, त्याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सोसण्याची चाचणी झाली आहे; आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे आकडे नव्या वस्तूवर प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीचे असतात. पावसात भिजलेला किंवा घामाने चार्जिंगच्या पिना गंजलेला जोड बदलून मिळेल, असे वचन त्यात नसते. बॅटरीचेही तसेच. लिथियमची बॅटरी वापराने उतरते आणि उष्णतेने लवकर उतरते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवलेला हेडफोन वर्षाच्या आत दमला, तर कंपनी त्याला झीज म्हणेल. म्हणून दावा करण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी कराव्यात. जाळीत साचलेला मळ कोरड्या मऊ ब्रशने काढावा, चार्जिंगच्या पिना पुसाव्यात, जोड रीसेट करून पुन्हा जोडावा आणि दुसऱ्या मोबाईलवर लावून पाहावा. एक कान बंद असल्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मिटली नाही तर बिघाड दिसेल आणि ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. मात्र वॉरंटी संपेपर्यंत कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे तो उघडू देऊ नये.

आता कागदाकडे येऊ, कारण दावा टिकतो की पडतो हे तिथेच ठरते. पहिला कागद पक्के बिल. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला बिल न देण्याची मुभा फक्त 200 रुपयांखालच्या विक्रीला आहे, तीही गिऱ्हाइकाने मागितले नाही तर. हेडफोनसारख्या वस्तूचे बिल त्याने द्यायलाच हवे. ‘बिल हवं तर अठरा टक्के जास्त पडतील’ असे सांगितले जाते, तेव्हा वेष्टनावरची एमआरपी वाचावी. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि तिच्यापुढे एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराकडून तारीख, मॉडेल, किंमत, दुकानाचे नाव आणि शिक्का असलेली साधी पावती घ्यावी. ग्राहक कायद्यापुढे तीही पुरावा असते. दुकानातल्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने छापली जाते आणि उष्णतेनेच पुसली जाते. वर्षभराने ती कोरी निघते, म्हणून घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढावा. दुसरा पुरावा वेष्टन. उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, किंमत, आणि तक्रारीसाठी पत्ता, फोन व ई-मेल वेष्टनावर छापणे 2011 च्या वेष्टित वस्तू नियमांनी बंधनकारक केले आहे. हा मजकूर ज्या डबीवर नाही, तिच्यामागे तक्रार घेणारे कोणी नसण्याचीच शक्यता जास्त. वायरलेस हेडफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात; डबीवरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो. तिसरा कागद लोक हमखास विसरतात: बिघडलेला जोड दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला देताना घ्यायची पोच. तिच्यावर सीरियल नंबर, बिघाड आणि तारीख असावी. पोच नसेल तर माल वॉरंटीच्या मुदतीत दिला होता, हेच नंतर सिद्ध होत नाही.

तक्रारीचा क्रमही ठरलेला असावा. आधी दुकानदाराला दाखवावे आणि तो पाठवायला तयार असेल तर पोच घ्यावी. तो नाही म्हणाला तर वेष्टनावरच्या ई-मेलवर बिलाचा फोटो, सीरियल नंबर आणि व्हिडिओ जोडून दोन परिच्छेदांचे पत्र धाडावे: कधी घेतला, काय बिघडले, काय हवे आणि किती दिवसांत. फोनवर झालेले बोलणेही लगेच ई-मेलने कळवावे. जोड कुरिअरने पाठवायला सांगितले तर येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी विचारून घ्यावे. कंपनीने ‘पाणी शिरले आहे’ म्हणून दावा नाकारला तर तपासणीचा लेखी अहवाल आणि फोटो मागावेत. तोंडी नकारावर थांबू नये. यातून काही निघाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. या हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. तरी पंधराशे रुपयांच्या वस्तूसाठी सरकारी नोंदीतली तक्रार लांबवत बसण्यापेक्षा जोड बदलून देणे कंपनीला स्वस्त पडते, म्हणून हा फोन करण्यासारखा आहे. त्यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी आणि शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण इथे कोणीतरी ऐकवेलच, आणि पूर्वीच्या अनुभवाने ती खोटीही नव्हती. पण आयोगाची पायरी बरीच खाली आणलेली आहे. 1986 च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे विरुद्ध पक्षाचे कार्यालय जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथे जावे लागे. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 ने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली. कंपनी बंगळुरूची असो वा दिल्लीची, देगलूरचा ग्राहक नांदेडच्या आणि उदगीरचा ग्राहक लातूरच्या आयोगात तक्रार मांडू शकतो. आधी ग्राहकाच्या वाट्याला असलेले अंतर आता कंपनीच्या वाट्याला आले. मराठवाड्यासाठी या कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद मला हीच वाटते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ग्राहकाच्या वतीने त्याचा अधिकृत प्रतिनिधीही उभा राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले. तक्रार मराठीत लिहिता येते आणि ऑनलाइनही दाखल होते. वडिलांनी घेतलेला हेडफोन मुलगी वापरत असेल तर तीही कायद्याने ग्राहक आहे, आणि ती अठरा वर्षांखालची असेल तर तिच्या वतीने आई-वडील तक्रार करू शकतात. लातूरच्या वसतिगृहांतल्या मुलांना हे माहीत असायला हवे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नये.

आता आक्षेप. पहिला दुकानदारांचा, आणि तो ऐकण्यासारखा आहे. हेडफोनच्या जोडामागे त्याला थोडे पैसे सुटतात, माल कंपनीचा, दोष कारखान्यातला. मग हेलपाटे त्याने का घालायचे? कायदा सगळा भार त्याच्यावर टाकत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याने नवी म्हणून दिलेल्या वापरलेल्या गाडीची जबाबदारी टाटा मोटर्सवर टाकायला नकार दिला. विक्रेता आणि उत्पादक स्वतंत्रपणे व्यवहार करतात, तेव्हा ज्याची चूक सिद्ध होईल त्याने ती भरायची, असे त्या निकालाचे सूत्र आहे. हे सूत्र दोन्ही बाजूंना लागू होते. कारखान्यातल्या दोषाची भरपाई कंपनीने करावी; पण बिल न देणे, वॉरंटीबद्दल खोटे सांगणे किंवा घेतलेला माल महिनोन्‌महिने ठेवून घेणे ही दुकानदाराची स्वतःची चूक ठरते. पक्के बिल आणि पोच दुकानदारालाही वाचवते. माल कुठून आला, कधी विकला आणि कधी पुढे पाठवला हे दाखवता आले, तर आयोगापुढे तो कंपनीकडे बोट दाखवू शकतो. हैदराबादच्या घाऊक बाजारातून बिनबिलाचा माल आणणाऱ्याला ते जमत नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा: गिऱ्हाईक थोड्या बिघाडासाठीही नवीच वस्तू मागते. यात तथ्य आहे. मारुतीच्या गाडीतल्या क्लचच्या दोषाच्या प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नाही. वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन होते, तेव्हा तेवढेच देणे लागते, असे न्यायालय म्हणाले. ग्राहकाला भरपाई मात्र दिली. हेडफोनच्या ग्राहकाने यावरून धडा घ्यावा. अटींत ‘दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या निवडीने’ असे असेल तर पहिल्या पत्रात पैसे परत मागून दावा अडवून घेऊ नये. आधी दुरुस्ती मागावी. तोच दोष पुन्हा आला किंवा दुरुस्ती रखडली, तर बदल आणि परतावा मागण्याची बाजू भक्कम होते. सदोष वस्तूची किंमत परत करायला आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्यायला सांगण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्चही तक्रारदाराला आधी भरावा लागू शकतो. व्हिडिओ, सर्व्हिस सेंटरचा अहवाल आणि पोच इथेच कामाला येतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी: पंधराशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? आयोगाच्या कामाला कायद्याने तीन महिन्यांची, वस्तू तपासायची असेल तर पाच महिन्यांची मुदत घातली आहे. ती अनेकदा पाळली जात नाही, हे खरे आहे. कंपनीला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले, तरी तारखा पडतातच. पण प्रत्येक दाव्याने आयोगापर्यंत जायचे असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. बिल, व्हिडिओ आणि एक मुद्देसूद ई-मेल एवढ्यासाठी अर्धा तास पुरतो, आणि कागद पुरा असला की प्रश्न तिथेच सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आयोगाचा रस्ता शेवटी उघडा आहे, हे समोरच्याला ठाऊक असल्यामुळेच त्या ई-मेलला वजन येते. दुसरे असे की सोडून दिलेल्या रकमेचा हिशोब एका माणसापुरता करून चालत नाही. एकट्याचे पंधराशे जातात, पण तसे शेकडो जण गप्प बसले की त्या जिल्ह्यात सर्व्हिसची सोय करण्याचे कंपनीला काही कारण उरत नाही. नोंदवलेली प्रत्येक तक्रार पुढच्या ग्राहकाची वाट सोपी करते.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. 1986 चा कायदा येण्याच्या बारा वर्षे आधी, 1974 मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, संघटित ग्राहकाला बाजार ऐकतो, हा त्या कामाचा पाया होता. नांदेड-लातूरला आज तेच काम छोट्या प्रमाणावर करता येण्यासारखे आहे. शिकवणी वर्गांनी आणि महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना वर्षातून एक तास बिल वाचायला आणि तक्रार लिहायला शिकवण्यात द्यावा. व्यापारी संघटनांनी सभासदांच्या बिलावर वॉरंटीची मुदत, ती कोण देणार आणि तक्रार कुठे करायची, हे तीन ओळींत मराठीत छापायला लावावे, आणि बिघडलेला माल घेताना पोच देण्याचा रिवाज पाडावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. ओळखीच्या दुकानदाराकडे बिल मागितल्याने संबंध बिघडत नाहीत; बिलाअभावी झालेल्या वादाने ते बिघडतात. म्हणून हेडफोनचा आवाज दुकानात तपासून घेतो, तसेच बिलावरची तारीख, मॉडेल आणि सीरियल नंबरही दुकानातच तपासावा. वॉरंटीचा दावा बिघाडाच्या दिवशी केला जातो, पण तो जिंकण्याची तयारी खरेदीच्या दिवशीच झालेली असली पाहिजे.